धुळ्याचे सहा पुरुष

सुनंदा भोळे हिला एका जागी बसवत नसे. जळगावातल्या मेहरूणच्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात टीव्ही होता, केबलही घेतलेली होती, पण टीव्हीसमोर दहा मिनिटं झाली की ती उठायची आणि काहीतरी आवरायला घ्यायची. नवरा रुपचंद पाइपच्या कारखान्यातून आला की रिमोट घेऊन पडायचा आणि चॅनेल बदलत राहायचा. टीव्हीचा एवढा कंटाळा असलेली बाई लोकांच्या घरी टीव्हीचीच चौकशी करत फिरते, याची त्याला मोठी गंमत वाटे.

हे काम तिला चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत मिळालं. कोणत्या शहरात कोण, किती वाजता, काय बघतं याचे आकडे मुंबईच्या एका कंपनीला हवे होते. त्यावरून जाहिरातवाले आपल्या वेळा ठरवत. जळगावात वीस आणि धुळ्यात वीस घरं निवडलेली होती. प्रत्येक घरात एक डायरी. पानावर पंधरा-पंधरा मिनिटांच्या ओळी आणि घरातल्या प्रत्येक माणसाचा एक रकाना. जो टीव्हीसमोर असेल त्याच्या रकान्यात खूण करायची. सुनंदाने दर आठवड्याला भरलेली डायरी घ्यायची, कोरी द्यायची आणि गठ्ठा नाशिकला सुपरवायझरकडे पाठवायचा. घरातलं कुणी महिन्याहून जास्त काळ बाहेरगावी असेल, तर तसं न चुकता कळवायचं.

धुळ्याचा दिवस गुरुवार. सकाळच्या एसटीने ती एरंडोल, पारोळा करत दहाच्या सुमारास धुळ्यात उतरायची आणि वीस घरं उरकून दोनची परतीची गाडी गाठायची. बहुतेक घरी दारातल्या दारातच डायरी बदलायची. पाणी प्यायलासुद्धा ती बसत नसे.

सप्टेंबरात शेजाऱ्यांकडे तिच्यासाठी नाशिकहून फोन आला. सुपरवायझर निर्मलकुमार ललवाणी शांत बोलणारे गृहस्थ होते. मुंबईला एक गोष्ट खटकली होती. दुपारी अडीच वाजता, बायकांच्या मालिकेच्या वेळेला, जळगावच्या वीस घरांत एकच पुरुष टीव्हीसमोर दिसत होता. धुळ्यात सहा. नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवरची दोन गावं, भाषा-पिकं सारखी, मग हा फरक कुठून आला? दाढीच्या ब्लेडची एक कंपनी धुळ्याचा आकडा बघून दुपारची वेळ घ्यायला निघाली होती. त्याआधी सुनंदाने त्या सहा घरी अडीच वाजता जाऊन डोळ्यांनी बघून यावं आणि सोमवारपर्यंत लेखी कळवावं, असं त्यांनी सांगितलं.

फोन ठेवल्यापासून तिच्या जिवाला घोर लागला. सात महिने ती त्या घरी जात होती, पण दुपारी एकदाही थांबलेली नव्हती. गुरुवार उजाडायची वाट न बघता ती दुसऱ्याच दिवशी निघाली आणि लागोपाठ तीन दुपारी धुळ्याला गेली.

पहिलं घर साक्री रोडला होतं. तिथला माणूस दवाखान्यात रात्रपाळीचा वॉचमन होता. दिवसा झोप येत नाही म्हणून तो मालिका बघायचा. ते साधं होतं. पुढची पाच घरं मात्र कापडगिरणीमागच्या चाळींतली निघाली. गिरणी गेल्या दिवाळीपासून बंद होती हे सुनंदाला ठाऊक होतं. भोंगा वाजत नाही, हे कुणीतरी तिला सांगितलेलंही होतं. पण ती गोष्ट आणि डायरीतल्या खुणा तिने कधी एकत्र करून पाहिल्या नव्हत्या.

चार घरांत पुरुष खरोखरच टीव्हीसमोर बसलेले होते. एकाने तिला बघून घाईने सदरा चढवला आणि आज सुटी घेतली आहे म्हणून सांगितलं. भाईदास नावाचे एक पन्नाशीचे कामगार तिला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आले. इकडे-तिकडे बघून म्हणाले, "ताई, माझं दुपारचं लिहू नका. पोरीसाठी स्थळं येताहेत. मी सुपारीच्या वखारीत लागलोय असं सांगितलंय लोकांना."

ही डायरी कुणाला दाखवत नाहीत, असं तिने त्यांना समजावलं. त्यांचा विश्वास बसला नाही. तिथून निघताना सुनंदाची पावलं आपोआप भरभर पडायला लागली. आपण पंधरवड्याच्या भाजीचा हिशेब विचारावा तसं या लोकांना त्यांचं रिकामपण विचारत होतो, असं तिला वाटत राहिलं.

शेवटचं घर हिलाल मोरेंचं. हिलाल तिला चांगला आठवत होता. फेब्रुवारीत डायरीवर सही करताना त्याने विचारलं होतं की टीव्ही बघता-बघता डोळा लागला तर खूण करायची की नाही, आणि मग स्वतःच हसला होता. त्यानंतर तो पुन्हा दिसला नव्हता. त्याची बायको पुष्पाबाई दर गुरुवारी सांगायची, कामावर गेलेत. डायरी तिचीच सगळ्यांत नीटनेटकी असायची.

सुनंदा पोहोचली तेव्हा अडीचला पाच कमी होते. टीव्ही सुरू होता. पुष्पाबाई खाली बसून शेंगा फोडत होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. डायरी फळीवर होती, आणि त्या दिवशीच्या अडीचच्या ओळीत दोन खुणा आधीच केलेल्या होत्या, एक पुष्पाबाईच्या रकान्यात आणि एक हिलालच्या.

सुनंदाने विचारलं, भाऊ कुठे आहेत. पुष्पाबाई म्हणाली, आत्ताच बाहेर गेले, येतील. सुनंदा आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात बसली. मालिका संपली. पुष्पाबाईने चहा केला. सुनंदाने खोलीभर नजर फिरवली. दाराशी एकच चपलांचा जोड होता. खुंटीला पुरुषाचा एकही कपडा नव्हता. तीन वाजून गेले तरी कुणी आलं नाही. सुनंदाला तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण सोमवारी काय लिहायचं, हे कळल्याशिवाय तिला उठताही येत नव्हतं.

शेवटी तिने हळूच डायरी पुढे ठेवली आणि म्हणाली, "पुष्पाबाई, ही खूण कोणाची आहे?"

पुष्पाबाईने टीव्ही बंद केला. मग तिने सगळं सांगितलं. गिरणी बंद झाल्यावर हिलाल सकाळी काम शोधत फिरायचा आणि दुपारी घरीच असायचा, तेव्हाच्या खुणा खऱ्या होत्या. दुपारी दोघं मिळून मालिका बघायची आणि तो मधेमधे घोरायचा. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाल्यावर तो सुरतेला गेला, यंत्रमागावर. दोन पत्रं आली. त्यानंतर काही नाही. श्रावणात कानबाईच्या सणाला घरचा माणूस कुठेही असला तरी येतो. तो आला नाही. चाळीत लोक बोलायला लागले. कुणी म्हणे दुसरं घर केलं, कुणी म्हणे आणखी काही.

"मग तुम्ही खुणा कशासाठी करत राहिलात?" सुनंदाने विचारलं.

पुष्पाबाई इतका वेळ शहरी मराठी बोलत होती. आता तिची भाषा घरची झाली. "बठ्ठा लोके ईचारतस, कथा गया म्हनीसन. तुम्ही एकल्याच ईचारतस, त्यास्नी काय देखं."

सगळे विचारतात, कुठे गेला. तुम्ही एकट्याच विचारता, त्यांनी काय बघितलं. सुनंदाला ते दर गुरुवारचं आपलं वाक्य आठवलं. डायरी चाळत, घड्याळाकडे बघत ती म्हणायची, भाऊंनी काय-काय बघितलं या आठवड्यात? आणि पुष्पाबाई अगदी तपशिलात सांगायची.

त्यानंतरचे दोन दिवस सुनंदाला काही सुचेना. कागद घेऊन बसायची आणि उठायची. भाजी दोनदा करपली. खरं लिहिलं तर पुष्पाबाईचं घर यादीतून जाणार, आणि चार महिने खोट्या खुणा गोळा केल्याचा ठपका आपल्यावर येणार, कदाचित कामही जाणार. खोटं लिहिलं तर ती ब्लेडवाली कंपनी एका नसलेल्या माणसाला जाहिरात दाखवणार, आणि पुष्पाबाई वर्षभर त्याच्या वाटच्या खुणा करत बसणार. रविवारी ती दोनदा एसटीडी बूथवर गेली आणि नंबर न फिरवता परत आली. रुपचंदने टीव्हीचा आवाज बंद करून तिला समोर बसवलं आणि काय झालं ते विचारलं. ऐकून त्याने रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाला, काम गेलं तर दुसरं बघू, पण त्या बाईला तिच्या खुणांत एकटी सोडू नको.

सोमवारी तिने सगळं लिहून पाठवलं. एक वॉचमन. चार पुरुष खरे, गिरणी बंद असल्यामुळे घरी. एक पुरुष मे महिन्यापासून सुरतेला. आपण वेळीच खात्री केली नाही, ही चूक आपली.

निर्मलकुमारांचा फोन शुक्रवारी आला. ते रागावले नाहीत. मुंबईने गिरणीची पाचही घरं काढायला सांगितली होती, एकट्या पुष्पाबाईचं नव्हे. बंद गिरणीच्या कामगाराच्या घरात जाहिरातवाल्यांना रस नव्हता. त्याऐवजी नोकरदार किंवा दुकानदारांची पाच घरं शोधायची होती. म्हणजे धुळ्याचा आकडाही जळगावसारखा होईल आणि प्रश्न मिटेल.

सुनंदा म्हणाली, पण साहेब, चार माणसं खरंच बघताहेत. तेच तर विचारलं होतं ना?

"सुनंदाताई," ते म्हणाले, "मला पटतंय तुमचं. पण मला पटून उपयोग नाही."

पुढच्या गुरुवारी ती डायऱ्या परत घ्यायला गेली. भाईदासांनी आपली डायरी दोन्ही हातांनी दिली आणि सुटल्यासारखे दिसले. पुष्पाबाईला सुनंदाने काही न लपवता सांगितलं की कळवणारी मीच. पुष्पाबाई चिडली नाही. तिने फक्त विचारलं, आता तुम्ही येणार नाही का?

सुनंदाने हिलालच्या पत्रांवरचा पत्ता मागितला. सुरतेला लागून असलेल्या उधन्यातल्या कुठल्यातरी गल्लीचा, अर्धामुर्धा पत्ता होता. पुष्पाबाई एकटी कधी रेल्वेत बसलेली नव्हती, आणि अनोळखी गल्लीत घर शोधायचं तिला कसं जमणार, म्हणून ती थांबली होती. सुनंदाचं तर कामच ते होतं.

रविवारी सुनंदा जळगावहून सुरतच्या पॅसेंजरला बसली. पुष्पाबाई धुळ्याहून एसटीने येऊन अमळनेरला चढली, हातात पिशवी आणि भाकरीचं फडकं. नंदुरबारनंतर तिने सांगितलं की तिथे दुसरी बाई दिसली, तर आपण दारातूनच परत फिरायचं. सुनंदा हो म्हणाली. पुढे सुरतेपर्यंत पुष्पाबाई सारखी पदराचं टोक पिळत होती, आणि सुनंदा दर स्टेशनाला दारात जाऊन उभी राहत होती.

पत्त्यावर हिलाल नव्हता. त्याला कावीळ झाली होती, काम गेलं होतं, खोलीही सुटली होती. सुनंदाने चहावाल्याला विचारलं, मग वाण्याला, मग खानदेशी बोलणाऱ्या एका बाईला. चार गल्ल्या फिरल्यावर मागांच्या एका शेडबाहेर तो सापडला. भिंतीला टेकून बसलेला, गालफडं बसलेली, डोळे अजून पिवळट. आदल्या आठवड्यातच पुन्हा कामाला लागला होता. पाच जणांत एक खोली. दुसरी बाई कुठेच नव्हती.

तो उठून उभा राहिला. "तू काब्रं ऊनी?" एवढंच म्हणाला, कशाला आलीस.

पुष्पाबाईने पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. मग ती त्याच्याशी भांडली, भररस्त्यात, मागांच्या खडखडाटात. बरं नाही म्हणून दोन ओळी लिहायला काय झालं होतं, आम्ही तिकडे मेलो का? तो खाली मान घालून ऐकत राहिला. म्हणाला, कमाई हातात आल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं. सुनंदा पलीकडच्या टपरीपाशी जाऊन उभी राहिली.

पुष्पाबाई परत आली नाही. त्याच संध्याकाळी त्या खानदेशी बाईने आपल्या घरामागची एक कोंदट खोली त्यांना दाखवली. निघताना पुष्पाबाईने धुळ्याच्या घराची किल्ली सुनंदाकडे दिली. शेजारच्या धुरपदाबाईला द्या म्हणाली, टीव्ही तिने नेला तरी चालेल.

गुरुवारी सुनंदा नवी घरं शोधायला धुळ्याच्या देवपूर भागात जायच्या आधी त्या चाळीत गेली. धुरपदाबाई दारातच होती. किल्ली घेताना तिने टीव्हीचं काही विचारलं नाही. आवाज खाली आणून तिने विचारलं, हिलाल कसा आहे.

"वाळलाय," सुनंदा म्हणाली, "पण आहे."