‘सजग परिसर’ ग्रुपवरची क्लिप

राजश्री कॉलेजला येईनाशी झाली, तेव्हा वर्गात कोणी फारशी चौकशी केली नाही. कारण सगळ्यांनी क्लिप पाहिली होती. वर्गाने पाहिली, कॅन्टीनवाल्याने पाहिली, भाईंदरजवळच्या डोंगरी गावच्या नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनी पाहिली आणि शेजारच्या पाली गावच्या गल्लीत मासळी साफ करत बसलेल्या बायकांनीही पाहिली. पाहायची, जिभेला चटका लागल्यासारखं “च्च च्च” करायचं आणि पुढच्याला पाठवून द्यायची. राग येण्यासारखीच गोष्ट आहे. मला तर लिहितानाही येतोय.

डोंगरीच्या पुढे एका खाजगी विद्यापीठाचा परिसर आहे. मागच्या वर्षी तिथल्या पार्किंगमधून गाड्या चोरीला जायला लागल्या. कुलसचिव रामनाथ भोईर जुन्या भाईंदरचे, कामाला वाघ माणूस. त्यांनी संस्थेच्या मागे लागून परिसरभर कॅमेरे बसवून घेतले. जोडीला ‘सजग परिसर’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. त्यात शिक्षक होते, सुरक्षारक्षक होते, पालक होते, आसपासच्या गावांतली आणि सोसायट्यांमधली माणसं होती.

थोड्याच दिवसांत सांख्यिकी शिकवणाऱ्या समिधा मॅडमची स्कूटर गेली. चोराचं चित्र ग्रुपवर पडलं आणि शांती नगरमधल्या एका दुकानदाराने संध्याकाळच्या आत स्कूटर ओळखली! रामनाथांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. व्हायलाच हवा होता. गेलेली वस्तू मिळाली याचं कोणाला वाईट वाटेल?

पण चोर काही रोज येत नाहीत आणि ग्रुपला मात्र रोज काहीतरी लागतं. मग लेक्चर बुडवणारी मुलं ग्रुपवर दिसू लागली. ग्रंथालयात टेबलावर डोकं टेकून झोपलेला एक कारकून दिसला. त्या बिचाऱ्याच्या घरी आजारपण होतं, हे नंतर कळलं, पण तोवर त्याच्यावर भरपूर हसून झालं होतं. खाली अंगठे पडत, हसरे चेहरे पडत. कोणी कुरकुर केली, तर रामनाथांचं उत्तर तयार असे, “लपवण्यासारखं काही नसेल, तर भीती कसली?”

आपणही हे वाक्य बोलतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलतो, घरी मुलांचे मोबाइल तपासताना बोलतो. बोलताना फार शहाणे झाल्यासारखं वाटतं.

एके दिवशी गेटवरच्या खोलीत कॅमेऱ्यांच्या पडद्यासमोर बसणाऱ्या खंडूने एक क्लिप ग्रुपवर टाकली. तिसऱ्या मजल्यावरचा जिना, कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून रडत उभी असलेली राजश्री आणि तिच्यासमोर अंगातलं जॅकेट काढणारा तिचा वर्गमित्र राज. बस, एवढीच. पुढचा भाग खंडूने कापला होता. संशयास्पद वाटेल ते टाकायचं, असा साहेबांचाच हुकूम होता. साहेबांनी क्लिपला अंगठा दिला आणि खाली स्वतः लिहिलं, ‘पालकांनी आपल्या पाल्यांकडे लक्ष द्यावे.’

मग काय, लोकांच्या बोटांना जोर चढला! ‘हेच शिकायला पाठवतात का?’ ‘आजकालच्या मुली...’ ‘ही तर पालीच्या रवीची ना?’ ग्रुपमध्ये शिकलेल्या बायका होत्या, आया होत्या, प्राध्यापिका होत्या. जिन्यातल्या कोपऱ्यात रडणाऱ्या मुलीला काय झालं असेल, याचा अंदाज त्यांतल्या एकीला तरी आला असेलच. पण एकीनेही तोंड उघडलं नाही.

राजला रामनाथांनी केबिनमध्ये बोलावून झापलं. “जॅकेट कशाला काढलंस? सांग!”

“ते मी नाही सांगू शकत सर.”

“सांगू शकत नाहीस म्हणजे? उद्धटपणा करतोस?”

राजने शेवटपर्यंत कारण सांगितलं नाही. त्याला वर्गात बसायची बंदी झाली.

आणि राजश्री? तिचे वडील रवी मासेमारी करतात, आई चंद्रावती भाईंदरच्या बाजारात मासळी विकते. पदवीच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोचलेली त्या घरातली ती पहिलीच. रवीच्या भावाने बंदरावर चारचौघांत त्याच्यासमोर मोबाइल धरला. रवी घरी आला आणि एवढंच बोलला, “पुरे झालं कालेज.” परीक्षा पुढच्या सोमवारपासून होती.

समिधा मॅडम राजश्रीच्या प्रकल्पाच्या मार्गदर्शक. त्यांनी तिला फोन लावून पाहिले, पण फोन वडिलांनी काढून घेतला होता. तेव्हा त्या तडक रामनाथांच्या केबिनमध्ये शिरल्या.

“सर, राजश्रीची परीक्षा बुडणार आहे. आपल्यामुळे.”

“आपल्यामुळे कशी मॅडम? जे झालं तेच दाखवलंय. कॅमेरा खोटं बोलत नाही.”

“बरं. काय झालं ते सांगा मग.”

“म्हणजे?”

“तुम्ही क्लिप पाहिलीत ना? मग झालं काय, ते सांगा.”

रामनाथ अडखळले. “मुलगी रडतेय... मुलगा जॅकेट काढतोय... जिन्यात, कॉलेजच्या वेळात...”

“हे दिसतंय. का रडतेय? का काढतोय?”

रामनाथांनी फोन उचलला. “थांबा, खंडूला पूर्ण रेकॉर्डिंग घेऊन बोलावतो. पुढचं बघितलं की कळेल.”

“अजून बघायचंय तुम्हाला?” मॅडम एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बाहेरचा शिपाई दार उघडून आत डोकावला. “सर, माझी स्कूटर याच कॅमेऱ्यामुळे मिळाली. कॅमेरे काढून टाका, असं मी मेले तरी म्हणणार नाही. पण तेव्हा माझी तक्रार होती. राजश्रीची तक्रार कोणी केली होती? तिने कोणाचं काय चोरलं होतं? पार्किंगवर नजर ठेवायची म्हणून आपण कॅमेरे लावले आणि आता मुलांच्या आयुष्यात डोकावत बसलोय!”

“मॅडम, लपवण्यासारखं काही नसेल, तर...”

“तुम्ही आंघोळीला जाता तेव्हा कडी लावता ना? आत काय गुन्हा करता? माणसाच्या चार गोष्टी अशा असतात, की त्या वाईट नसतात आणि तरीही त्या चारचौघांच्या नसतात. एवढं साधं आहे हे. आपल्याकडे किल्ली आहे म्हणून आपण खोलीचे मालक होत नाही सर!”

रामनाथांना हे पटलं असं नाही, पण परीक्षा बुडेल ही गोष्ट त्यांना टोचली. “चला, पालीला जाऊ. मी समजूत काढतो तिच्या वडिलांची,” ते म्हणाले.

पालीच्या गल्ल्यांत गाडी जाईना. ती रस्त्यावर ठेवून दोघं चालत निघाले. दारादारांतून माणसं बघत होती. कोणीतरी मोबाइल वर केला आणि फोटो घेतला. रामनाथ चिडून म्हणाले, “काय माणसं आहेत! न विचारता फोटो काढतात!” समिधा मॅडमनी त्यांच्याकडे फक्त एकदा पाहिलं.

रवी ओटीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. तो उठला नाही. “बोला सायेब.”

“रवी, झालं गेलं विसरून जा. पोरीला परीक्षेला पाठव.”

“विसरू? तुमीच तर सगल्यांना दाखिवलं. आता मी एकट्यानं विसरू? माजी पोर खराब हाय, असं तुमीच लिवलंय.”

“मी फक्त लक्ष द्या म्हणालो...”

“ह्या गावात त्याचा अर्थ काय होतो, तुमाला न्हाय ठावं? तुमी भायंदरचेच ना?”

तेवढ्यात चंद्रावती दारात आली आणि म्हणाली, “सायेब, जरा मागल्या दारी या. बाई, तुमी पन या.”

मागच्या दारी तिने आवाज दाबून, पण संतापाने सांगितलं. राजश्रीची पाळी वर्गात अचानक सुरू झाली होती. कपडे खराब झाले. बाहेर सगळी मुलं. ती जिन्यात लपून रडत होती आणि त्या पोराने काही न विचारता कमरेला बांधायला जॅकेट दिलं. “ते जाकीट मी धुतलं हाय सायेब. अजून घरात हाय. पोरीनं माज्याकडनं वचन घेतलंय, बापाला सांगायचं न्हाय. लाजंनं मरल म्हनते. मी गप ऱ्हायले. पन तुमाला सांगते, कारन तुमी ह्ये पाप केलंय!”

वाचकहो, हे खरं तर तुम्हालाही कळायला नको होतं. कथा आहे म्हणून सांगितलं.

रामनाथांचा चेहरा उतरला आणि दुसऱ्याच क्षणी उजळला. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. “अरे, मग एवढंच होतं, तर आधीच सांगायचं ना! आत्ता ग्रुपवर लिहितो. खरं कारण कळलं की सगळ्यांची तोंडं बंद होतील. मुलीचं नाव एकदम स्वच्छ!”

आणि ते लिहायला लागले. खरंच लागले!

“थांबवा ते लिहिणं!”

राजश्री चुलीजवळून उठून दारात आली होती. एवढे दिवस ती कोणाशी धड बोललीही नव्हती. आता तिचा आवाज पुढच्या ओटीपर्यंत गेला.

“काय लिहिताय सर? माझं नाव स्वच्छ करायला परत मलाच सगळ्यांसमोर उभं करणार? मी वाईट नव्हते हे पटवायला माझ्या अंगात काय झालं, ते पालीपासून शांती नगरपर्यंत वाटणार? त्या दिवशी तुम्ही मला न विचारता दाखवलंत. आज मला न विचारता सांगताय. फरक काय सर?”

“अगं, मी तुझ्याच भल्यासाठी...”

“चूक कोणाची आहे?”

रामनाथांनी मोबाइल खाली घेतला.

“सांगा ना सर. चूक कोणाची आहे? तुमची ना? मग तुमच्याबद्दल लिहा! माझ्याबद्दल एक अक्षर नको!”

मागचं दार, चुलीचा धूर, हातात मोबाइल. समिधा मॅडमनी केबिनमध्ये इतकं समजावलं, ते पोहोचलं नव्हतं. हे पोहोचलं! आपण याच मुलीला दुसऱ्यांदा उघडं पाडायला निघालो होतो आणि तेही उपकार केल्याच्या तोऱ्यात, हे रामनाथांना कळलं आणि शरमेने त्यांचे कान तापले. त्यांनी लिहिलेलं सगळं पुसलं. मग सावकाश लिहिलं आणि पाठवायच्या आधी राजश्रीच्या हातात मोबाइल दिला.

‘राजश्रीची क्लिप या ग्रुपवर माझ्या हुकमामुळे आली आणि तिच्याखाली मी शेरा लिहिला. हा माझा गुन्हा आहे. राजश्री आणि राज यांनी काहीही गैर केलेलं नाही. मी दोघांची आणि त्यांच्या घरच्यांची माफी मागतो. राजवरची बंदी मी उठवली आहे. क्लिप ज्यांनी पुढे पाठवली, त्यांनी जिथे पाठवली तिथे हेही पाठवावं. रामनाथ भोईर, कुलसचिव.’

राजश्रीने वाचलं आणि स्वतःच्या बोटाने पाठवलं.

लगेच एका सोसायटीच्या हितेशभाईंचा प्रश्न आला, ‘सर, पण नक्की मॅटर काय होता?’

बघा! माफी वाचली, गुन्हा वाचला, तरी याला मॅटर हवा! रामनाथांनी उत्तर लिहिलं, ‘ते विचारायचा हक्क मला नव्हता. तुम्हालाही नाही.’ आणि ग्रुप कायमचा बंद करून टाकला.

सगळे ओटीवर आले. रामनाथ रवीसमोर हात जोडून उभे राहिले. पोरीचा ओरडा रवीने ऐकला होता, पण त्यातलं नेमकं काय ते त्याला कळलं नव्हतं. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान वळवली. मग लेकीकडे पाहिलं. राजश्रीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिने मान खाली घातली नाही.

“काय झालं हुतं, ते मला अजून कुनी सांगितलं न्हाय,” रवी म्हणाला. राजश्रीने ओठ उघडले, तसा त्याने हात वर केला. “ऱ्हाऊ दे. नको सांगू. परीक्षा कवा हाय?”

“सोमवारी.”

“मी सोडतो गाडीवर. नाक्यावरनं नेतो. बघू दे कोन बघतो ते!”

पुढे परिसरात बरंच बदललं. गेटवरचा पडदा बंद खोलीत गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातला कॅमेरा निघाला, पार्किंगमधले आणि फाटकावरचे राहिले. कॅमेरा जिथे आहे तिथे तशी पाटी लागली. लेखी तक्रार असल्याशिवाय रेकॉर्डिंग कोणी पाहायचं नाही आणि एकट्याने तर नाहीच, असा नियम झाला. जुनं रेकॉर्डिंग ठरावीक मुदतीत पुसलं जातं. या सगळ्यावर लक्ष ठेवायला नेमलेल्या समितीवर यायला राजश्रीला विचारलं, तर ती म्हणाली, “परीक्षा झाली की बघते.” तिने असंच म्हणायला हवं होतं.

ती क्लिप मात्र अजून कितीतरी मोबाइलमध्ये पडून असेल. ती कोणाला परत घेता येत नाही. म्हणून, मित्रहो, हात जोडून नाही, बजावून सांगतोय. चोर पकडायला कॅमेरे लावा, जरूर लावा. पण कॅमेऱ्यामागे बसणाऱ्यालाही नियमाची वेसण घाला. आणि उद्या तुमच्या मोबाइलवर अशी एखादी मुलगी आली, तर पुढे पाठवायला निघालेलं बोट आवरा. ती कोणाची तरी लेक आहे, बहीण आहे म्हणून आवरू नका. ती तिची स्वतःची आहे, एवढं कारण पुरेसं आहे!