अचूक हाताची कढी

काशीच्या ब्रह्माघाटावर ‘अचूक’ हा शब्द कुणी उगाच वापरत नसे. पंचांगालासुद्धा लोक ‘ठीक आहे’ एवढंच म्हणत. तो शब्द राखून ठेवला होता शरदिनीकाकूंच्या हातासाठी. काकू घरोघरी श्राद्धाचा स्वयंपाक करत. पितरांच्या आधी तो कुणी चाखायचा नाही, त्यामुळे मीठ-तिखट सगळं अंदाजाने. पानावर बसलेल्या ब्राह्मणांनी अन्नाला बरं-वाईट म्हणायचं नाही, हाही नियमच. शेवटी यजमान विचारणार, तृप्त झालात ना? त्याचं उत्तरही शास्त्राने नेमून दिलेलं: तृप्त झालो. घरची माणसं मागाहून जेवत, पण पितरांच्या प्रसादाला नावं कोण ठेवणार! स्वतः काकू परक्या घरी पाणीही पीत नसत, आणि घरी चूल सुनेच्या, इंदूच्या ताब्यात. नवऱ्यामागे त्यांच्यापाशी ना जमीन उरली होती ना दागिना. होता तो हा एक शब्द, आणि त्यावर त्यांचा फार जीव होता.

अशात दुर्गाघाटावरच्या देवव्रतांच्या मुलीचं, वैदेहीचं, लग्न जमलं. साखरपुड्याला मुलाकडचे नागपूरहून येणार, हे एसटीडीच्या बूथवरून पक्कं झालं. त्यांची बायको हलवाई बोलवा म्हणत होती, पण बँकेतले देवव्रत हट्टाला पेटले. स्वयंपाक काकूच करतील. इंदूने भीत भीत सुचवलं की नैवेद्य निघाल्यावर या खेपेला जरा चाखून बघावं, बाहेरची माणसं आहेत.

“ज्याला चाखावं लागतं, त्याला अचूक म्हणत नाहीत,” काकू म्हणाल्या. इंदूने विषय सोडून दिला. त्या घरात नांदायचं होतं तिला.

पंगत बसली. मुलाच्या आत्याबाईंनी कढीचा पहिला घोट घेतला, पाणी मागितलं, पुन्हा मागितलं, आणि सरळ सांगून टाकलं की कढी तोंडात धरवत नाही, इतकी खारट आहे. नागपूरच्या चार पानांवरून दुजोरा आला. देवव्रतांचा चेहरा उतरला.

काकू वाढायचं ओगराळं घेऊन दारातच उभ्या होत्या. क्षणभर जमीन पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. मग वाटलं, काय मोठंसं? एवढ्या जन्मात एकदा चुकलं. माणूस आहे, चुकायचाच. ओगराळं खाली ठेवून, हात जोडून त्या पुढे आल्या.

पण पलीकडच्या ओळीत घाटावरचे विश्वेश्वरशास्त्री जेवत होते. काकूंचा अपमान त्या भल्या माणसाला सोसवला नाही. शिवाय आज श्राद्ध नव्हतं, पानावर बोलायला मोकळीक होती.

“काकूंचा हात चुकणं संभवच नाही,” ते ठासून म्हणाले. “इतकी वर्षं श्राद्धाला आम्ही यांच्याच हातची कढी जेवतो आहोत. आजची बिलकुल तश्शीच आहे.”

ओळीतल्या सगळ्या ब्राह्मणांनी मनापासून माना डोलावल्या.

काकूंचे जोडलेले हात तसेच राहिले. एका चुकीची माफी मागायला त्या निघाल्या होत्या. एकच चूक, तेवढीही त्यांच्या वाट्याला आली नाही.