पहिल्या दोन चुका

“यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” म्हातारा हुओ म्हणाला, “आणि बसलाच तर मला तुमची काळजी वाटेल.”

बस जिनान सोडून छिंगदाओच्या रस्त्याला लागली होती. आत सगळी पेन्शनीत निघालेली माणसं. डोक्यावर सहलवाल्यांच्या लाल टोप्या, मांडीवर चहाचे थर्मास, हातात सूर्यफुलाच्या बियांच्या पुड्या. हुओ सांगत होता ती गोष्ट त्याच्या रांजणाची. तरुणपणी तो कसरतींसाठी नावाजलेल्या वूछ्याओ गावच्या ताफ्यात होता. टेबलावर उताणं पडायचं, पाय आभाळाकडे करायचे आणि लहान पोर आत मावेल एवढा चिनी मातीचा रांजण तळपायांवर गरगर फिरवायचा, हे त्याचं काम. इथवर सगळं खरं होतं. पुढं त्यानं सांगितलं की, एकदा मळणीनंतरच्या जत्रेत त्यानं रांजण असा काही उडवला की तो खाली यायलाच तयार होईना. लोक वर बघून बघून कंटाळले, घरी जाऊन शेवया खाऊन आले, तेव्हा कुठं रांजण आला. काठावर बर्फ साचलेलं आणि आत चिमणीनं घरटं केलेलं.

“घरट्यात अंडी होती का?” शेजारी बसलेल्या तिंगनं विचारलं. तिंगनं जन्मभर शहरात बस चालवली होती. राहायला हुओच्याच इमारतीत, बरोबर त्याच्या खालच्या मजल्यावर.

“पिल्लं होती.”

“मागच्या वर्षी सांगितलंत तेव्हा अंडी होती,” पुढच्या बाकावरची बाई मागं न वळता म्हणाली.

“मागच्या वर्षीची गोष्ट आहे ती. एव्हाना उबली नसतील का?”

बसमध्ये हशा पिकला. हुओनं टोपी काढून डोकं खाजवलं आणि खिडकीबाहेर बघायला लागला. एरवी एका गोष्टीच्या शेपटाला तो दुसरी बांधायचा. आज बांधली नाही.

तिंगच्या ते लक्षात आलं. “काय रे, बरं नाही का? समुद्र बघायला चाललायस. गेल्या खेपेला मी म्हटलं चल, तर म्हणालास, मीठ जास्त पडलेल्या सूपात बघण्यासारखं काय आहे. या वेळी माझ्या आधी जाऊन नाव घातलंस.”

“माणूस बदलतो.”

“तू? तू गेली दहा वर्षं तोच सदरा घालतोयस.”

खरं कारण समुद्र नव्हतंच. हिवाळ्यात एकदा सुनेनं जेवताना मोबाइलवर कसल्यातरी कसरतीच्या खेळाची चित्रफीत लावली होती. हुओ शेवयांवर फुंकर घालता घालता बघत होता. खेळ संपला, पोरी ओळीनं वाकून नमस्कार करायला लागल्या आणि कॅमेरा क्षणभर बाजूला सरकला. पडद्याच्या कडेला एक म्हातारी उभी होती. हनुवटी वर, हात मागं बांधलेले, टाळ्यांकडे लक्ष नाही, नजर मुलींच्या टाचांवर. हुओच्या शेवया निवल्या. “परत लाव,” तो सुनेला म्हणाला. तिनं लावली. “परत लाव.” चौथ्यांदा सून म्हणाली, “बाबा, कोण आहे हो ती?” त्यावर हुओ म्हणाला, “माझं चष्म्याचं घर कुठं गेलं बघ.” चष्मा लावून त्यानं चित्रफितीखालचं छिंगदाओच्या नाट्यगृहाचं नाव वाचलं; या सहलीत तिथलाच खेळ दाखवणार होते.

ती श्वेछिन होती. ताफ्यात असताना ती एकावर एक रचलेल्या सात खुर्च्यांच्या टोकाला एका हातावर उलटी उभी राहायची, आणि खाली टेबलावर पडल्या पडल्या रांजण फिरवणाऱ्या हुओला वरून ओरडून सांगायची, “रांजण्या, तोंड मिट, माशी जाईल.” रांजण्या हे नाव तिनंच पाडलेलं. ताफा सुटला तसं ते नावही सुटलं. जिनानमध्ये ते कुणाला माहीत नव्हतं. बायकोलाही त्यानं कधी सांगितलं नाही.

श्वेछिनला त्यानं लग्नाचं विचारलं होतं. पहिल्यांदा, ताफ्याच्या ट्रकमध्ये. एका गावाहून दुसऱ्या गावी चालले होते, ती खुर्च्यांच्या पायांना चिंध्या गुंडाळत होती. ती म्हणाली, “नाही,” आणि दातानं चिंधी तोडली. दुसऱ्यांदा, थंडीत, कालव्याच्या काठी. भाजलेलं रताळं त्यानं कोटाच्या आत छातीशी धरून गरम ठेवलं होतं. तिनं रताळं घेतलं, सोललं, अर्धं त्याला परत दिलं आणि म्हणाली, “नाही, रांजण्या.” हे ती हसत हसत म्हणाली. नाही म्हणाली त्यापेक्षा हसली याचं त्याला जास्त लागलं. बर्फ वितळल्यावर त्यानं वळकटी बांधली आणि जिनानला मामाकडे थर्मासच्या कारखान्यात लागला. निघताना ताफ्यातल्या प्रत्येकाचा निरोप घेतला, स्वयंपाक्याच्या कुत्र्याचासुद्धा. ती तेवढी राहिली. ती तेव्हा खुर्च्यांवर उलटी उभी होती, सराव चालला होता. ती खाली येईपर्यंत थांबण्यात काय अर्थ आहे, असं त्याला वाटलं.

पुढं लग्न झालं. बायको चांगली होती, नीट संसार केला, तीन वर्षांमागं गेली. रांजण आता गॅलरीत आहे, त्यात सून कोबीचं लोणचं घालते. पण झोपेत हुओचे पाय अजून चालतात. बायको होती तोवर पहाटे उठून गोधडी जमिनीवरून उचलायची आणि म्हणायची, “आज काय फिरवलंत?” तिला त्यानं चिमणीची, बर्फाची, रांजणात लपलेल्या चोराची अशा शंभर गोष्टी सांगितल्या. श्वेछिन त्यातल्या एकीतही नव्हती.

आता म्हातारपणी त्याला दुसरं काही नको होतं. एकदा तिला गाठायचं आणि विचारायचं, एवढंच. दोनदा नाही का म्हणालीस? वाक्य तयार होतं. बसमध्ये तो ते ओठांत घोळवत होता.

खेळ दुपारचा होता. शिंपल्यांचं जेवण अंगावर आल्यामुळं निम्मे लाल टोपीवाले नाट्यगृहात अंधार होताच पेंगायला लागले. ताटल्या फिरवणाऱ्या मुली आल्या, कड्यांतून उड्या मारणारी मुलं आली, एकाच सायकलवर मोराच्या पिसाऱ्यासारखा अख्खा घोळका चढून गेला. तिंग बिया फोडत होता. हुओ मंचाकडे बघतच नव्हता. त्याचे डोळे डावीकडच्या विंगेवर होते.

मग खुर्च्या आल्या. चार बाटल्यांवर पहिली खुर्ची, तिच्यावर दुसरी. एक सडपातळ मुलगी खालून खुर्ची घ्यायची, रचायची, वर चढायची. सातवी रचून झाली तेव्हा तिच्या डोक्यावर छताचे दिवे होते. तिनं आठवी तिरकी टेकवली, तिच्या पाठीवर एक हात ठेवला आणि पाय उचलले. कंबर सरळ होता होता खुर्ची डगमगली, मुलगी कलंडली आणि कशीबशी परत सातवीवर येऊन टेकली. सगळं नाट्यगृह हललं. पेंगणारे जागे झाले.

तिंगच्या हातातली पुडी सांडली. “अरे, पडली असती ना पोर.”

“काही पडत नाही,” हुओ कुजबुजला. “मुद्दाम चुकली ती.”

“मुद्दाम?”

“अवघड खेळ पहिल्या झटक्यात करून दाखवला तर लोकांना तो सोपा वाटतो. म्हणून पहिल्यांदा चुकायचं. दुसऱ्यांदाही चुकायचं, थोडं जास्त. तिसऱ्यांदा करायचं. पहिल्या दोन चुका खेळातच असतात. वूछ्याओत पोर चालायला लागलं की आधी हे शिकतं.”

मुलगी दुसऱ्यांदा उलटी झाली. या वेळी पाय पार वर गेले, आणि मग खुर्चीच निसटली. कमरेला दोर होता म्हणून मुलगी लोंबकळत राहिली. मागं एक बाई तोंडावर हात ठेवून रडायला लागली. तिंगनं हुओची बाही घट्ट धरली होती.

“बाही सोड, फाटेल.”

“हीसुद्धा मुद्दाम?”

“हीच तर खरी कला. बघ, घाम पुसतेय. घाम आलेला नाही तिला.”

तिंगनं बाही सोडली, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. “आणि दुसऱ्या चुकीनंतर कुणी उठून गेला तर?”

“कोण जाईल?”

“जाईल एखादा. वाटलं त्याला, हिला जमत नाही, चला घरी.”

“असा बावळट नसतो कुणी,” हुओ म्हणाला. “बाहेरगावच्या माणसालासुद्धा कळतं की अजून एकदा होणार आहे. दुसऱ्या चुकीनंतर उठून जाणारा…” त्याचं वाक्य तिथंच राहिलं. तोंड उघडंच होतं.

वर मुलगी एका हातावर, सरळ, मेणबत्तीसारखी उभी होती. नाट्यगृह टाळ्यांनी फुटायला आलं होतं. तिंग उभा राहून टाळ्या पिटत होता. हुओच्या हातांनी टाळ्या वाजवल्या, पण ते त्याला माहीत नव्हतं. डाव्या विंगेत म्हातारी श्वेछिन उभी होती. हात मागं, हनुवटी वर. मुलगी खाली उतरेपर्यंत ती पापणीसुद्धा न लववता बघत राहिली, आणि मुलगी विंगेत आल्यावर तिनं तिच्या मानेवरून एकदाच हात फिरवला.

“यांना शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंची नात आहे ती,” सहलवाल्यांची गाइड फेइ मागच्या रांगेतून सांगत होती. “आजोबा आगीच्या कड्यांतून उडी मारायचे म्हणे. वारले बिचारे.”

हुओनं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती उलटसुलट करत बसला.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं, समुद्रावरून गार वारा येत होता. बस यायला वेळ होता. ताफ्यातल्या मुली अंगावर जाकिटं चढवून बाजूच्या दारातून बाहेर आल्या, लोक त्यांच्याबरोबर फोटो काढायला लागले. फेइ धावत आली. “हुओकाका, नाव घालताना म्हणाला होतात ना, मास्तरीणबाईंना भेटायचंय? आत्ता येतील त्या बाहेर. थांबा इथंच.”

“काही घाई नाही,” हुओ म्हणाला. बसमध्ये घोळवलेलं वाक्य आता त्याला उपयोगाचं वाटेना. दोनदा नाही का म्हणालीस, हे वूछ्याओचा माणूस कोणत्या तोंडानं विचारणार?

“कोण लागते तुझी?” तिंगनं विचारलं.

आता पळून जाता येत नव्हतं आणि गप्पही राहता येत नव्हतं. अशा वेळी हुओला एकच गोष्ट यायची.

“यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” तो म्हणाला.

लाल टोप्या जवळ सरकल्या. फोटोवाल्या दोनतीन मुलीही घुटमळल्या. हुओनं दाराकडे पाठ केली. ही गोष्ट त्यानं आजवर कुणाला सांगितली नव्हती, त्यामुळं ती अजून लहानच होती. बोलता बोलता त्याच्या तोंडात वाढायला लागली.

“तुमच्या मास्तरीणबाईंशी माझं लग्न व्हायचं राहिलं. एकदा विचारलं ट्रकमध्ये. नाही म्हणाली. दुसऱ्यांदा विचारलं कालव्यावर, अख्खं रताळं खर्च करून. नाही म्हणाली. आता दुसरा कुणी असता तर घरी गेला असता.”

“तू गेला नाहीस,” तिंग म्हणाला.

“मी वूछ्याओचा. मी कसा जाईन? तिसऱ्यांदा विचारायला मी थेट तिच्याजवळ गेलो. ती होती सात खुर्च्यांवर, उलटी. खाली सगळं गाव. मी चढलो. सातवीवर पोचलो तर तिचं तोंड खाली, माझं वर, बोलणार कसं? मग मीही उलटा झालो. ती उजव्या हातावर, मी डाव्या. नाकाला नाक. खालून माणसं ओरडतायत. मी म्हटलं, श्वेछिन, तिसऱ्यांदा विचारतो.”

“मग?” जाकीटवाल्या मुलीनं विचारलं. हीच ती खुर्च्यांवरची. जवळून बघता तिची हनुवटी हुओला सहन झाली नाही. त्यानं नजर तिंगच्या बुटांवर ठेवली.

“मग काय. एक ढग मध्ये आला. ढग जाईपर्यंत थांबलो. आणि मग म्हणाली, नाही. तिसऱ्यांदा. सगळ्या गावासमोर. आता तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर माणसानं काय करायचं? सात खुर्च्या उतरून खाली आलो. असं उतरणं अवघड असतं, सांगतो तुम्हाला. चढण्याहून फार अवघड. वळकटी उचलली आणि चालू लागलो. माझ्याकडून काही राहिलं नाही. तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाली.”

कुणी हसलं नाही. तिंगनं बियांची पुडी खिशात टाकली. हुओच्या पाठीमागं, दाराशी, थर्मासचं झाकण फिरवून बंद केल्याचा आवाज झाला. मुलीनं त्याच्या खांद्यावरून मागं पाहिलं आणि बाजूला झाली.

“खोटं बोलतोस, रांजण्या,” मागून एक म्हातारा आवाज शांतपणे म्हणाला. “तिसऱ्यांदा तू विचारलंच नाहीस.”