कार्डाची शिट्टी

“ही शिट्टी कसली वाजतेय?” बायकोनं दारातूनच विचारलं.

परीक्षकानं वर पाहिलंही नाही. “शिट्टी नाही, पंखा आहे. आणि तोही असून नसल्यासारखा.”

बाजूला गेम चालू ठेवून संगणक मासिकासाठी नव्या ग्राफिक्स कार्डाचं परीक्षण तो लिहीत होता. कार्ड दीड विटेएवढं होतं आणि त्या किमतीत दारात एक बरी मोटारसायकल उभी राहिली असती. आठवडाभर त्यानं कार्डाचा घाम काढला होता. नव्यातला नवा गेम सगळी सेटिंग्ज वर चढवून पळवला. जो व्हिडिओ जुन्या कार्डावर जेवून वामकुक्षी झाली तरी तयार होत नसे, तो कपातला चहा संपायच्या आत हजर. गेमला नऊ, व्हिडिओला साडेनऊ, आवाजाला दहा.

आवाजाचा रकाना त्याचा खास. बाकीचे परीक्षक यंत्रानं डेसिबल मोजून मोकळे होत. याचं म्हणणं असं, की आवाज किती हे यंत्राला कळतं, त्रास किती हे कळत नाही. अठरा वर्षं तो कानानं मार्क देत आला होता आणि त्या मार्कांवर लोक कार्डं घेत होते. मासिकात त्याला ‘कान’च म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा.

“जेवायला या,” बायको म्हणाली, “आणि येताना ती शिट्टी बंद करून या.”

“अगं, शाळेत दिवसभर कलकलाट ऐकून तुझेच कान वाजत असतील.”

“माझे कान पोरांनी धार लावून ठेवलेत. शेवटच्या बाकावर चॉकलेटचा कागद वाजला तर मला फळ्याकडे तोंड करून कळतं.”

परीक्षक शास्त्रीय वृत्तीचा होता. म्हणजे बायकोला खोटं पाडायचं, तर तेही रीतसर. त्यानं तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. पंख्यावरून ओळखता येऊ नये म्हणून पंख्याचा वेग एकसारखा बांधून टाकला.

“मी मनाला येईल तसा गेम चालू-बंद करीन. शिट्टी ऐकू आली की हात वर. दहा वेळा.”

गेम चालू झाला. हात वर. बंद केला, हात खाली. दोनदा त्यानं नुसताच माऊस वाजवला. हात हलला नाही. सातव्या वेळी तो मुद्दाम खोकला, आठव्या वेळी खुर्ची सरकवली. दहापैकी दहा.

“झालं का? भाजी निवतेय.”

कार्डातल्या तारांच्या वेटोळ्यांतून जोरात वीज धावली की ती थरथरतात आणि बारीक शीळ घालतात, हे वाचकांना त्यानंच शिकवलं होतं. त्यानं गेम पुन्हा चालू केला आणि कॅबिनेटला कान लावला. आधी डावा, मग उजवा. पत्रा कोमट लागला. बाकी काही नाही.

गेल्या वर्षभरात त्यानं पाच कार्डांना ‘निःशब्द’ म्हटलं होतं. इतकी सज्जन कार्डं एकाच वर्षात निघाली याचं त्याला तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

त्यानं संपादकांना फोन लावला. “आवाजाचे दहा काढा, चार करा. आणि मागच्या पाच कार्डांची दुरुस्ती छापायचीय.”

“का हो? काय झालं?”

“मला ऐकू येत नाही.”

“मोठ्यानं बोलू का?”

“तुमचं येतंय. कार्डाचं येत नाही.”

“अहो, कुणाला कळणार आहे? यंत्राचा आकडा टाका नि सोडून द्या. पाच-पाच दुरुस्त्या छापल्यावर तुमच्या रकान्याला विचारणार कोण?”

“ते पुढच्या अंकात कळेलच,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मग त्यानं दुसरी खुर्ची ओढली. “बस जरा. कसा आहे आवाज, सांग.”

“बारीक आहे. ओल्या बोटानं पेल्याची कड घासल्यासारखा.”

“सतत?”

“गेम चालू आहे तोवर. चित्र भराभर हललं की जास्त.”

“डोकं उठेल?”

“तासाभरात.”

त्यानं ते शब्दन् शब्द टाइप केले. एकही सुधारला नाही. रकान्याच्या वर स्वतःचं नाव होतं, त्याच्या आधी तिचं घातलं. ती म्हणाली, “हे काय आणि?” तो म्हणाला, “मुख्याध्यापिकेला दाखव.”

मग त्यानं गेम बंद केला आणि तिच्याकडे पाहिलं.

“थांबला,” ती म्हणाली.

तेव्हा तो जेवायला उठला.