सर्वानुमते

तिचा नवरा नगरपालिकेत किल्ली पक्षाचा पुढारी होता आणि सख्खा धाकटा भाऊ शिडी पक्षाचा. लग्न झालं तेव्हा दोघांपैकी कुणाला राजकारणाचा वारासुद्धा लागला नव्हता. नवऱ्याचं खिळे-कुलपांचं दुकान होतं, भाऊ वकिलीच्या परीक्षेला बसत होता. पुढे दोघांनाही एकाच सुमारास जनसेवेची उबळ आली, आणि तेव्हापासून तिच्या घराचा तमाशा झाला.

बाहेर दोघं एकमेकांना चोर, गद्दार, गावबुडवे म्हणत. रविवारी दुपारी भाऊ जेवायला येई, तेव्हा नवरा त्याच गावबुडव्या मेहुण्याच्या ताटात आपल्या हातानं वाढी. सुरुवातीला तिला याचं कौतुक वाटायचं. राजकारण उंबऱ्याबाहेर ठेवतात, शहाणी माणसं आहेत, असं ती शिवणाच्या कारखान्यातल्या बायकांना सांगे. तिचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली, शाळेचे गणवेश आणि इस्पितळाचे अंगरखे शिवणाऱ्या बायका, आणि दिवसभर मशीनची घरघर. त्यांतली एक, काजं करणारी, फटकळ होती. ती दोऱ्याला गाठ मारता मारता म्हणाली होती, की हे म्हणजे तू मारल्यासारखं कर, मी रडल्यासारखं करतो. तेव्हा तिला त्या बाईचा राग आला होता.

गावाच्या मधून कालवा जात होता. एका काठाला बाजार आणि शाळा, दुसऱ्या काठाला इस्पितळ आणि बहुतेकांची घरं. मधला पायपूल एका पुरात वाहून गेला. दगडी खांब तेवढे शाबूत राहिले. नवा पूल हवा यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं. फक्त तो कुठं हवा, यावर घोडं अडलं होतं. किल्लीवाल्यांना बाजाराजवळ हवा होता, कारण बाजार त्यांचा. शिडीवाल्यांना इस्पितळाच्या फाटकासमोर, कारण ती वस्ती त्यांची. वर्षानुवर्षं हे घोंगडं भिजत पडलं. तोवर लोक कालव्याच्या दारांवर टाकलेल्या फळ्यांवरून जीव मुठीत धरून ये-जा करत. दोन्ही पक्ष मात्र दर निवडणुकीला त्या फळ्यांवर उभं राहून आपापले फोटो काढून घेत.

एका सकाळी तिची आई लेकीकडे यायला निघाली आणि त्याच फळ्यांवरून घसरली. पाण्यात पडली नाही एवढंच नशीब. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं.

इस्पितळात दोघं धावत आले. भाऊ आईचे पाय धरून रडला, जावयाचेही डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं, हे तिला कळत होतं. मग दोघं एकेक करून बाहेर गेले. वॉर्डची खिडकी पायऱ्यांवर उघडत होती आणि पायऱ्यांवर बातमीदार उभे होते. तिच्या नवऱ्यानं सांगितलं, की शिडीवाल्यांच्या आडमुठेपणानं आज एका मातेचा बळी जाता जाता राहिला. तो उतरला तसा भाऊ पुढं झाला आणि तेच वाक्य किल्लीवाल्यांच्या नावानं म्हणाला. ‘माते’च्या आधी त्यानं ‘माझ्या’ हा शब्द घातला, एवढाच फरक. आत आई ग्लानीत होती. लेक खिडकीशी उभी राहून ऐकत होती, आणि नवऱ्याबद्दल आणि भावाबद्दल आयुष्यात पहिल्यांदा तिला किळस वाटली.

शस्त्रक्रिया नीट झाली. त्या रविवारी तिनं दोघांची जेवणं होऊ दिली आणि मग दाराला पाठ लावून उभी राहिली.

“पूल खरा कुठं व्हायला हवा? भाषण नको. एवढंच सांगा.”

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. भाऊ म्हणाला, “जुन्या खांबांवर, ताई. हे शेंबड्या पोरालाही कळतं.” नवऱ्यानंही मान डोलावली. खांब पक्के आहेत, दोन्हीकडून रस्ता थेट तिथंच येतो, काम झटपट होईल, असं त्यानं दुकानदाराच्या सवयीनं मोजूनमापून समजावलं.

“मग इतकी वर्षं काय करत होता?”

“अगं, ते खांब यांच्या वस्तीच्या तोंडाशी आहेत,” नवरा म्हणाला. “तिथं पूल झाला तर लोक म्हणणार शिडीनं केला. आम्ही काय टाळ्या वाजवायच्या?”

“आणि आम्ही तिथं मागितला तर भाऊजी विरोध करणार. मग आम्ही आधीच दुसरीकडं मागितला, म्हणजे पुढं सौद्याला जागा राहते,” भाऊ म्हणाला. हे सांगताना त्याला आपल्या हुशारीचा थोडा अभिमानच होता.

तिनं दोघांकडून कबूल करून घेतलं, की पुढच्या सभेत दोघांनी मिळून जुन्या खांबांचा ठराव आणायचा. त्यांनी हसत हसत हात मिळवले. आईच्या अंगाखालची चादर बदलताना तिनं आईला ही बातमी दिली.

सभेच्या दिवशी ती कारखाना लवकर बंद करून प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसली. शेजारी काजं करणारीही आली होती, बहुधा गंमत बघायला. आधी रीतसर शिवीगाळ झाली. मग तिचा नवरा उठला आणि म्हणाला, की लोकांच्या हितासाठी आपण अहंकार बाजूला ठेवत आहोत. भाऊही उठला. दोन्ही पक्षांत ऐतिहासिक समझोता झाला असून पूल बाजारापासून आणि इस्पितळापासून सारख्या अंतरावर, बरोबर मधोमध होईल, असं त्यानं जाहीर केलं. सभागृहानं बाकं बडवली.

मधोमध म्हणजे एका काठाला गोदामाची आंधळी भिंत आणि दुसऱ्या काठाला सांडपाण्याचा नाला. तिथून कुठं जाताही येत नव्हतं आणि कुठून येताही. त्या पुलाचं श्रेय कुणालाच मिळालं नसतं, म्हणूनच तो दोघांना चालत होता. दोघांनी वर सज्जाकडं पाहिलं. बायकोनं, बहिणीनं शाबासकी द्यावी असे ते चेहरे होते. तेवढ्यानं तिचं डोकं फिरलं.

सभेच्या शेवटी नागरिकांना चार शब्द बोलायची मुभा असे. सहसा कुणी उठत नसे. ती उठली. तिचा आवाज चढला नाही. मशीनच्या घरघरीत बोलायची सवय असल्यामुळं तो तसाही शेवटच्या बाकापर्यंत गेला.

“माझ्या घरात बसून या दोघांनी सांगितलं, पूल जुन्या खांबांवर व्हायला हवा. दोघांना ठाऊक आहे. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तुमचं भांडण खोटं, तसा तुमचा समेटही खोटा. भांडलात तेव्हा माझी आई पडली. आता गळ्यात गळे घातलेत, तर लोकांनी नाल्यात उतरायचं?”

एकदम गलका उठला. किल्लीवाल्यांनी सभागृहाचा अपमान झाला म्हणून ठराव मांडला, शिडीवाल्यांनी अनुमोदन दिलं, आणि तिला सज्जातून बाहेर काढण्याचा निर्णय सर्वानुमते झाला. इतक्या वर्षांत इतक्या झटपट मंजूर झालेला तो पहिलाच ठराव. काजं करणारी तिच्याबरोबर जिना उतरली आणि वाटभर हसत राहिली.

पण शब्द बाहेर पडला होता. दुकानात कुलूप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सहज विचारी, खांब कुठं आहेत हो? कोर्टाच्या आवारात पक्षकार वकील झालेल्या भावाला तेच विचारत. नेत्याला शिव्या पचतात, हसणं पचत नाही. पुढच्या सभेत जुन्या खांबांचा ठराव आला आणि कुणीही तोंड न उघडता मंजूर झाला. पूल उभा राहिला. उद्घाटनाला दोघांपैकी कुणी गेलं नाही. एका दुपारी मजुरांनी अडसर काढले आणि लोक चालू लागले, झालं.

घरात मात्र वेगळाच समेट झाला. नवरा तिच्याशी कामापुरतं बोलू लागला. भाऊ येई तो थेट भाऊजींच्या खोलीत जाई. दोघं दार लोटून बसत. इतकी वर्षं एका पुलावर जमलं नाही, ते तिच्यावर पाच मिनिटांत जमलं होतं: बाईमाणसाला राजकारण कळत नाही, आणि घरातलं बाहेर बोलणारीचा भरवसा नाही. आतून कधी कधी हसणं ऐकू येई. ती चपला घालून बाहेर पडे.

एका रविवारी ती पुलावरून आईकडं गेली. आई खिडकीशी बसली होती, काठी मांडीवर आडवी. आईनं तिला बसायलासुद्धा सांगितलं नाही.

“नवरा तो, भाऊ हा,” आई म्हणाली. “चारचौघांत दोघांना उघडं पाडलंस.”

“हो.”

“माझ्यासाठी केलंस म्हणू नकोस.”

तिनं विचार केला. “नाही म्हणत. मला त्यांची शिसारी आली होती.”

आईनं कालव्याकडं पाहिलं. पुलावरून माणसं जात होती, सायकली जात होत्या. तिनं काठी टेकली आणि लेकीपुढं हात केला.

“कठडा बरा आहे का गं? धरायला येतो?”

“येतो,” ती म्हणाली आणि आईला उठवू लागली.