अडकलेल्या दारांचा ब्लॉग

भिंगरीला घरात भिंगरी का म्हणतात, हे तिला थोडा वेळ बघितलं की कोणालाही कळायचं. हल्ली ही भिंगरी एकाच गोष्टीभोवती फिरत होती: आईच्या कुलपांचा ब्लॉग. आई किल्लीवाली. दार अडकलं, किल्ली तुटली, कडी आतून बसली की लोक तिला फोन करत. पण आई एक आणि अडकलेले अनेक. ती एका दारापाशी असली की दुसऱ्या दारापाशी कोणीतरी रडकुंडीला आलेलं असायचंच. अशा माणसाला तिथल्या तिथे, हातातल्या फोनवर, आईचा सल्ला वाचायला मिळावा, एवढंच भिंगरीला हवं होतं. पहिला लेख लिहूनही झाला होता: बाथरूमचं दार आतून उघडेना, तर काय करावं.

आता फक्त ब्लॉग ठेवायचा कुठे, हे ठरायचं होतं.

"इंटरनेटवरच्या एखाद्या तयार ठिकाणी," भिंगरी म्हणाली. "खातं उघडायचं, लिहायचं, झालं. सर्व्हर त्यांचा, काळजी त्यांची."

"आणि मास्टर किल्लीही त्यांचीच," आई कानस चालवता चालवता म्हणाली. "उद्या त्यांना तुझं लिखाण नकोसं झालं तर?"

मामाला एवढंच पुरलं. मामा एका कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळायचा, आणि आठवडाभर ते कमी पडल्यासारखा रविवारी बहिणीच्या दुकानात येऊन बसायचा.

"ताई बरोबर बोलतेय. सर्व्हर स्वतःचाच हवा. माझा जुना कॉम्प्युटर पडूनच आहे. कोणाची मिजास नको."

"आणि तो बिघडला की?"

"मी काय मेलोय?"

दोघं मोठे एकीकडे झाल्यावर भिंगरीने माघार घेतली. नंतर तिला स्वतःचाच राग आला, पण तोवर मामा टेबलाखाली शिरला होता. संध्याकाळी तो कॉम्प्युटर दुकानाच्या कोपऱ्यात स्क्रीनचा काळा पडदा दाखवत घुर्र करत बसला आणि ब्लॉग सुरू झाला.

बुधवारी भिंगरी शाळेतून परत येत होती, तेवढ्यात आत्याचा फोन.

"भिंगरे, मी बाथरूममध्ये आहे."

"बरं," भिंगरी म्हणाली. यावर दुसरं काय म्हणणार?

"अगं, अडकलेय. दाराची मूठ हातात आली. म्हटलं भाचीचा ब्लॉग आहे, कशाला कोणाला हाका मारा. तुझं वाचून नेलकटरने स्क्रू काढले, झाकण काढलं, आणि पुढच्या पानावर गेले तर पानच गायब. आता हे झाकण घेऊन नाचू का?"

"आत चौकोनी दांडा दिसतोय? तो केसांच्या चिमट्याने धर आणि खाली फिरव. सावकाश."

पलीकडे खूप खुडबुड झाली, मग खट्ट आणि मग लांबलचक हुश्श. "सुटले. केसांत साबण तसाच आहे, पण सुटले."

भिंगरी तडक दुकानात पोचली. कॉम्प्युटरची पिन जमिनीवर लोळत होती आणि तिच्या जागी किल्ल्या कापायच्या मशीनची पिन. दुकानात प्लगची जागा एकच.

"आई, तू ब्लॉग बंद केलास?"

"किल्ली कापायची होती. पडद्यावर कोणी काही वाचत नव्हतं, म्हटलं जाऊ दे."

भिंगरीला इतकं हसू आलं की ती स्टुलावरच बसली. "अगं, लोक तो पडदा बघत नाहीत. आपापल्या घरून बघतात. हा बंद, म्हणजे सगळीकडे बंद."

"असं होय?" आईने कानस खाली ठेवली. "मग मी रोज घरी निघताना बंद करते, त्याचं काय?"

"रोज?"

"वीज जळते ना उगाच."

मामाला फोन लावून सगळं सांगितलं. तो लगेच सरसावला. "वेगळी वायर ओढू. बॅटरी लावू. मी रविवारी येतोच."

"आत्या रविवारपर्यंत बाथरूममध्ये बसली असती?"

मामा बॅटरीच्या किमती सांगू लागला, पण भिंगरी थांबली नाही.

"तिच्याकडे माझा नंबर तरी होता. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी काय करायचं? ब्लॉग आपण तयार ठिकाणी हलवतोय." आपण हे विचारलं नाही, सांगितलं, हे बोलून झाल्यावर भिंगरीच्या लक्षात आलं. बरं वाटलं.

"मास्टर किल्लीचं काय मग?" आईने विचारलं.

"तुझ्याकडे अर्ध्या गल्लीच्या किल्ल्यांचे साचे आहेत. लोक निवांत झोपतातच ना?"

"मला ओळखतात ते."

"मग आपणही यांची ओळख करून घेऊ."

आईने चष्मा चढवला आणि त्या ठिकाणाच्या सगळ्या अटी वाचून काढल्या. ज्या कोणी वाचत नाही, त्याही. मग विचारलं, "निघायचं झालं तर?"

"सगळं लिखाण कधीही उतरवून घेता येतं."

"म्हणतात सगळेच. करून दाखव."

भिंगरीने खातं उघडलं, चार ओळी लिहिल्या, उतरवून घेतल्या, फोनवर उघडून दाखवल्या.

"हं," आई म्हणाली. "बाहेर पडायचं दार आतून उघडतंय. मग शिरायला हरकत नाही."

मामाने येऊन सगळं हलवून दिलं, माझा सर्व्हर जास्त जोरात पळायचा, असं पुटपुटत.

मग एका संध्याकाळी लेखाखाली कोणा अनोळखी माणसाचा प्रश्न उगवला. किल्ली तुटून कुलपात राहिलीय, दारातच उभा आहे, काय करू?

"आई, आला," भिंगरी फोन नाचवत म्हणाली. "काय लिहू? पकडीने ओढा?"

"ते नंतर. आधी विचार, घर त्याचंच आहे ना."

भिंगरीने विचारलं. उत्तर लगेच आलं: माझंच आहे हो, आत कुत्रा माझ्यासाठी गळा काढून रडतोय.

आईने खुर्ची ओढून भिंगरीशेजारी घेतली. "हं, मग लिही. आधी तेलाचा थेंब सोडा. आणि ओढायची घाई नको म्हणावं."