दिवे विझेपर्यंत

आमच्या ह्यांनी पिकअप वीतभर उंच करून आणली, त्या दिवशी पन्नाशीचा माणूस गाडीभोवती नव्या नवरदेवासारखा मिरवत होता.

"कशी दिसते?"

"टाचेचे बूट घातलेल्या म्हशीसारखी," मी म्हटलं.

सासूबाई मात्र दारातून म्हणाल्या, "छान रे. ऐटदार झाली."

याच गाडीतून हे दर रविवारी आईला मावशींकडे न्यायचे. मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. अलीकडे त्या माणसं विसरायला लागल्या होत्या. पोटच्या मुलाला शेजारी समजायच्या, पण बहीण दिसली की अजून "ताई आली!" म्हणायच्या. त्या दोन शब्दांवर सासूबाई आठवडा काढायच्या. जाताना सीटचा पट्टा लावायला मात्र ठाम नकार. समोर लाल दिवा पेटून टिंगटिंग सुरू झाली, की म्हणायच्या, "कोकलू दे मेल्याला." मग कोपऱ्यापर्यंत मायलेकांचं भांडण.

उंच केल्यावर गाडीचं तंत्रच बिघडलं. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग तिरकं, आणि डॅशबोर्डवर दोन पिवळे दिवे. एक ब्रेकचा, दुसरा घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा.

"आई, रविवारी जाऊ या ना?"

"दिवे पेटलेत म्हणतोस ना? मग नको रे बाबा. विझू देत, मग बघू."

अलाइनमेंटवाल्याने चाकांचे कोन बसवले. स्टिअरिंग सरळ झालं, दिवे जागच्या जागी. चाकाजवळच्या सेन्सरची वायर उंचीमुळे ताणली गेली होती; लांब वायर येईपर्यंत ब्रेकचा दिवा तसाच राहिला. दुसऱ्याबद्दल अलाइनमेंटवाला म्हणाला, "चाकं सरळ आहेत हो, पण गाडीच्या कॉम्प्युटरला अजून वाटतंय की तुम्ही वळताय. त्याला नव्याने समजवावं लागेल. ते मशीन माझ्याकडे नाही."

रविवार येत होते, जात होते. मी टॅक्सीचं काढलं, तर सासूबाई माझ्यावरच घसरल्या. "त्याला काय वाटेल? एवढ्या हौसेने केलीय गाडी!"

शेवटी लांब वायर आली, ते मशीनवालाही सापडला, आणि एकदाचे दिवे विझले. हे दारातूनच ओरडत आले, "आई, चल! एकही दिवा नाही!"

सासूबाई साडी बदलून आल्या. त्यांनी सीटवर हात टेकला, पाय उचलला. पाय पायरीपर्यंत पोचला नाही. पुन्हा उचलला. मग हसून म्हणाल्या, "अरे, तो पिवळा नीट विझलाय का, बघ ना परत."

ह्यांनी दिव्याकडे पाहिलंच नाही. ते आईच्या पायाकडे बघत होते.

"आधी का नाही बोललीस?"

"तू इतका खुशीत होतास रे."

मी स्टूल आणायला वळले. "मी काय पोतं आहे चढवायला?" सासूबाई म्हणाल्या आणि आत जाऊन साडी बदलू लागल्या.

दुसऱ्या दिवशी हे गाडी खाली उतरवायला घेऊन गेले. अलाइनमेंटवाला म्हणाला, "परत खाली? गाडी आहे की पाळणा?" एरवी ह्यांनी चार टोले हाणले असते. या वेळी वाकून पायरी जमिनीपासून किती उंच राहते, तेवढं बघत राहिले.

मग आम्ही तिघं गेलो. मावशी खिडकीशी बसल्या होत्या. सासूबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. मावशींनी त्यांना नीट न्याहाळलं आणि अदबीने खुर्ची पुढे सरकवली.

"बसा ना. कुणाकडे आलात?"

सासूबाईंनी पदर सावरला.

"तुमच्याकडेच," म्हणाल्या, आणि बसल्या.

परत निघताना त्या एका पावलात गाडीत चढल्या. लाल दिवा पेटला, टिंगटिंग सुरू झाली. हे वाट बघत राहिले. मागच्या सीटवर मीही. सासूबाई बाहेर त्या खिडकीकडे बघत होत्या. मेल्याला कोकलू द्यायला कुणी सांगितलं नाही.

ह्यांनी वाकून आईचा पट्टा ओढला आणि हळूच अडकवला. दिवा विझला. गाडी निघाली, अगदी सरळ.